ग्राशियाना उर्रुतियाचं भांडण

आमच्या खोऱ्यात ग्राशियाना उर्रुतियाचं कुणाशी धड पटलंय असं मला आठवत नाही. पोस्टातल्या बाईशी तिचं वाजलेलं, पाद्र्याशी वाजलेलं, सख्ख्या भावाशी तर पाण्याच्या पाटावरून असं वाजलेलं की चर्चमध्ये दोघं दोन टोकांना बसतात. पण तिला भांडखोर म्हणून मोडीत काढणाऱ्यांना मी नेहमी एकच सुनावतो. ती माघारी बोलत नाही. तोंडावर बोलते, नाव घेऊन बोलते, आणि समोरच्यानंही तसंच बोलावं एवढीच तिची अपेक्षा असते. ही अपेक्षा सरकारी माणसाकडून केली की काय होतं ते मी जवळून पाहिलंय.

मी डेल. वणव्यावर जाणाऱ्या पथकांची रसद सांभाळण्यात माझं आयुष्य गेलं. तंबू कुठे ठोकायचे, हजार माणसांना सकाळचं अंडं कसं पोचवायचं, हे माझं काम. निवृत्त झालो तरी दर वसंतात मला बोलावणं येतं, कारण आमच्या जत्रेच्या मैदानावर, मेंढ्यांचं प्रदर्शन भरतं त्याच हॉलमध्ये, होणाऱ्या पथकप्रमुखांचं आठवडाभर प्रशिक्षण असतं. नकाशा, वारा, विमानं हे सगळं त्यांना येतंच, त्याशिवाय कुणी इथवर पोचत नाही. इथं पाहायचं असतं ते वेगळं. घरं सोडून आलेल्या, चिडलेल्या गावासमोर हा माणूस उभा राहतो की नुसता थापा मारतो? त्यासाठी एक खोटी सभा भरवतात आणि त्या सभेत संतापायला आमच्या गावची माणसं लागतात. ही माणसं मी जमवतो. मोबदला म्हणून प्रत्येकाला एक टोपी आणि टर्कीचं सँडविच मिळतं. सँडविच वाईट असतं.

पहिल्याच वर्षी मी ग्राशियानाला विचारलं. फुकटात अशी चिडलेली बाई मला कुठे मिळणार होती? ती आली, हातातल्या कार्डावर तिच्यासाठी कुठलं सोंग लिहिलंय ते न बघताच उभी राहिली आणि तिनं आपला प्रश्न विचारला. तेव्हापासून दरवर्षी तोच प्रश्न.

"माझं कुरण कुणी पेटवलं? नाव सांग."

हा प्रश्न खोटा नव्हता. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका ऑगस्टात डोंगरावरून वणवा उतरत होता तेव्हा ग्राशियाना आणि तिचा नवरा बेन्यात यांचा कळप त्यांच्या कुरणात, वरच्या घळीत होता. मेंढ्या आणि त्या वर्षीची कोकरं. पथकानं ठरवलं की रस्त्याच्या कडेनं आपणच आग लावायची, म्हणजे वणवा येईपर्यंत त्याला खायला काही उरणार नाही. बेन्यात गाडी काढून पथकानं रस्ता अडवला होता त्या नाक्यावर गेला, तिथल्या पोराला म्हणाला, माझी जनावरं घळीत आहेत, मला तासभर द्या. पोरगा म्हणाला, वर कळवतो. त्यानं कळवलंही असेल. पण मशाली पेटल्या, आणि घळ पेटली.

त्या जाळण्यामुळे वणवा अडला. गाव वाचलं. माझंही घर वाचलं, आणि हे ग्राशियाना कधी नाकारत नाही. आग लावणं बरोबर होतं की चूक हा तिचा वाद नव्हताच. तिला तो माणूस हवा होता. पण आमच्या कामाची एक रीत आहे. दोन आठवडे झाले की पथक बदलतं. दमलेलं घरी जातं, ताजं येतं. त्या वणव्यात भरलेल्या खऱ्या सभेत समोर उभा राहिलेला प्रमुख नवा होता. "बाई, मी काल आलो," म्हणाला. "त्या वेळच्या निर्णयाबद्दल मला बोलता येणार नाही." जुना प्रमुख तोवर दुसऱ्या राज्यात दुसऱ्या वणव्यावर गेला होता. ग्राशियाना खात्याच्या कचेरीत गेली तर कचेरी म्हणाली, परिस्थिती पाहून निर्णय घेण्यात आला. भरपाई मिळाली. ती तिनं घेतली, मूर्ख नाही ती. नाव मात्र मिळालं नाही.

बेन्यातनं पुन्हा मेंढ्या घेतल्या नाहीत. काही वर्षांनी तो हृदयविकारानं गेला. "त्याचा दोष मी आगीला देत नाही," ग्राशियाना म्हणते, "तो डुकराच्या चरबीला देते. नाही म्हणून कुणाला सांगता आलं नाही त्याला, चरबीलाही नाही."

एकदा तिच्या अंगणात पाव कापत असताना मी विचारलं होतं, नाव कळून करणार काय आहेस?

"त्याच्या अंगावर कुत्रं सोडणार नाहीये मी," ती म्हणाली. "मला भांडायचंय रे. पोटभर. पण भांडू कुणाशी? खात्याशी? खात्याला कान असतात का? माणूस असला तर तो उलटून बोलेल, रडेल, चल निघ म्हणेल. काहीतरी करेल. हे सगळे नुसते वाऱ्याकडे बोट दाखवतात."

म्हणून ती त्या खोट्या सभेत दरवर्षी उमेदवारांना धरायची. एकेक धिप्पाड गडी, पिवळा शर्ट, उन्हानं भाजलेली मान, आगीसमोर पापणी न हलवणारा, आणि ग्राशियाना उभी राहिली की पाण्याचा ग्लास शोधायचा. "मी नुकताच ताबा घेतलाय, बाई." "तुमच्या भावना आम्ही समजू शकतो." "याची चौकशी करून कळवण्यात येईल." ती ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि खाली बसून सँडविच खायची. एकाही वर्षी कुणी 'मी केलं' म्हटलं नाही. तरी पुढच्या वर्षी ती हजर.

यंदा प्रशिक्षणाचा मुख्य नवा आला. वॉरन प्रूइट. माणूस वाईट नव्हता. इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलणं, सगळ्यांची नावं पाठ. त्यानं मला आणि ग्राशियानाला सकाळी बाजूला घेतलं.

"उर्रुतियाबाई, तुमचं योगदान आमच्यासाठी फार मोलाचं आहे."

"पण?" ग्राशियाना म्हणाली.

"पण यंदापासून प्रत्येकानं आपापल्या कार्डाप्रमाणेच बोलायचं असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"म्हणजे, ठरलंय."

मला हसू आवरेना. ग्राशियानानं कार्ड डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. "श्रीमती ब्राऊन. मांजर घरात अडकलं आहे. काळजीत, पण सहकार्य करणाऱ्या." तिनं ते पुन्हा वाचलं. "सहकार्य करणाऱ्या," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "डेल, हे माझ्याबद्दल आहे?"

प्रूइटनं समजावलं. तो प्रश्न अभ्यासाला धरून नाही. पथकप्रमुखानं चारचौघांत 'मी केलं' म्हटलं की दुसऱ्या दिवशी वकील दारात उभे. उमेदवारांना हेच शिकवायचं असतं, की आधीच्या माणसाचं ओझं अंगावर घ्यायचं नाही. खरं सांगायचं तर त्याचं बोलणं बिनबुडाचं नव्हतं. मीही नोकरीभर तसाच वागलो. पण त्या मऊ आवाजात ते ऐकताना माझं डोकं तापलं. तिच्या हातात मांजर देत होता हा माणूस!

"बरं," ग्राशियाना म्हणाली. "मांजर तर मांजर."

मी चरकलो. तिनं वाद न घालता मान्य केलेली ही पहिलीच गोष्ट होती.

पहिला उमेदवार उभा राहिला. ग्राशियाना उठली, काळजीत होती, सहकार्य करत होती. "आमचं मांजर," एवढंच म्हणाली. उमेदवार म्हणाला, जनावरांसाठी वेगळी गाडी आहे, नाव नोंदवा. "आभारी आहे," म्हणून ती बसली. आमची सगळी गावकरी मंडळी माना वळवून तिच्याकडे बघत राहिली. लोहार ऑर्व्हिल माझ्या कानाशी लागला, "हिला बरं नाही का?" प्रूइट खुशीत होता. दुसऱ्या उमेदवारालाही मांजरच. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, म्हातारी झाली शेवटी.

तिसरी उमेदवार होती नोरीन डॅगेट. चाळिशीची, बुटकी, खांद्यानं रुंद. हातात कुदळ घेऊन सुरुवात केलेली आणि एकेक पायरी चढत आलेली बाई. या परीक्षेत ती आधी एकदा अडली होती. यंदा नापास झाली तर पुन्हा दोन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली. हे हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

ग्राशियाना उठली. "माझं मांजर," म्हणाली आणि थांबली. मग तिनं कार्ड खुर्चीवर ठेवलं आणि त्यावर आपली हॅट ठेवली.

"मांजर नाही मला. मला मांजरं आवडत नाहीत. मेंढ्या होत्या. वरच्या घळीत. नवरा नाक्यावर सांगून आला होता. तरी तुम्ही रस्त्याच्या कडेनं आग लावली. कुणी लावली? नाव सांग."

बाजूला उभ्या प्रूइटनं नोरीनकडे बघत गळ्यावरून आडवा हात फिरवला. बंद कर, पुढे चल. नोरीननं तो हात पाहिला. मी पाहिलं की तिनं पाहिला.

"मी काल आले," नोरीन म्हणाली.

"कालच आली असणार तू," ग्राशियाना म्हणाली. "तुम्ही सगळे कालच येता."

"माझं पुरं होऊ द्या, बाई. काल मी सही करून ही आग ताब्यात घेतली. वणवा असाच घ्यावा लागतो, सही करून. त्यात अर्धी आग घेता येत नाही. पेटलेली, विझलेली, आधीच्यानं लावलेली, सगळी कालपासून माझी. तेव्हा नाव विचारत असाल तर नोरीन डॅगेट. तुमचं कुरण मी जाळलं असं धरा. काय बोलायचंय ते मला बोला."



"सोंग आहे हे," ग्राशियाना म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "परीक्षेपुरतं बोलतेयस."

"तुमच्या मेंढ्या सोंगाच्या होत्या?"

"तोंड सांभाळ. खऱ्या होत्या."

"मग उद्या सकाळी सहाला मी तुमच्या फाटकाशी येते. तिथं बोला."

प्रूइटनं टाळी वाजवून वेळ संपल्याचं सांगितलं.

सकाळी मीच नोरीनला माझ्या गाडीतून घेऊन गेलो. नऊ मैल खडबडीत रस्ता. फाटकाला साखळी होती. आत ग्राशियाना उभी. तिनं आम्हाला बराच वेळ तसंच बाहेर ताटकळत ठेवलं, आणि हे मी मुद्दाम सांगतो, कॉफी विचारली नाही. आमच्याकडे शत्रूलाही कॉफी विचारतात. मग साखळी काढली आणि पुढे चालू लागली.

घळीत अजूनही जुनी झुडपं परतलेली नाहीत. नुसतं ते पिवळं, काडीसारखं गवत, जे मेंढी खात नाही आणि ठिणगीची वाट बघत उभं असतं. तिथं उभी राहून ग्राशियाना बोलायला लागली. आधी आमच्या भाषेत, मग चिडत गेली तशी तिच्या आईच्या बास्क भाषेत. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही, नोरीनला तर नाहीच. ग्राशियानानं हातवारे केले, दगड उचलून फेकले, एकदा नोरीनच्या छातीवर बोट टोचलं. नोरीन मागे सरली नाही. माझं चुकलं असंही म्हणाली नाही. शेवटी ग्राशियानाचा दम संपला तेव्हा नोरीननं विचारलं, "त्यांना नावं होती?"

"मेंढ्यांना कुणी नावं ठेवतं? डोकं आहे का ठिकाणावर?" ग्राशियाना खेकसली. मग दुसरीकडे बघत म्हणाली, "कळपापुढे चालायची तिला होतं नाव. कातालीन. गळ्यात घंटा होती. ती वाट सोडायची नाही कधी. खाली रस्त्याकडेच आणत होती सगळ्यांना."

रस्त्याकडे. जिथून मशाली आल्या तिकडे.

"मी तुला माफ केलेलं नाही," परत येताना ग्राशियाना म्हणाली.

"कळलं," नोरीन म्हणाली.

आम्ही हॉलवर पोचलो तेव्हा सकाळचा तास सुरू झाला होता. प्रूइटनं घड्याळाकडे पाहिलं.

शेवटच्या दिवशी आमच्याकडे गोल करून बसतात. वणव्यावरही प्रत्येक कामानंतर बसतात, कितीही दमलेले असोत. या गोलाचा नियम असा की हुद्दा दाराबाहेर ठेवायचा. पोऱ्यानं प्रमुखाला विचारलं, तू असं का केलंस, तर प्रमुखानं उत्तर द्यायचं. या नियमामुळे माणसं जिवंत राहतात असं आम्ही मानतो आणि मला वाटतं ते खरं आहे. सोंगं केलेली गावकरी मंडळीही गोलात बसतात. ग्राशियाना ऑर्व्हिलच्या शेजारी बसली होती.

प्रूइटनं एकेकाचा निकाल सांगितला. नोरीनची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "नोरीन, एक साधा प्रश्न. ते उत्तर तू पुन्हा देशील?"

त्यानं दार उघडं ठेवलं होतं. नाही म्हण, भावनेच्या भरात बोलले म्हण, आणि पास हो. हे सगळ्यांना समजलं. नोरीननं गुडघ्यांवरचे हात एकमेकांत गुंतवले. मी मनात म्हटलं, बाई, म्हणून टाक, कुणी दोष देणार नाही तुला. माझ्यासारखा माणूस असाच विचार करतो.

"हो," ती म्हणाली. "तेच देईन."

"मग मला वाईट वाटतं," प्रूइट म्हणाला, "पण या वेळी तुझी शिफारस होऊ शकत नाही."

आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मला एक विचारायचंय," ग्राशियाना उभी राहत म्हणाली. "चालतं ना इथं?"

"चालतं," मी म्हणालो. कुणी मला विचारलं नव्हतं.

"हिला नापास कुणी केलं?"

"उर्रुतियाबाई, तो समितीचा निर्णय आहे."

"समितीचा." ती समितीकडे वळली. तिघं परीक्षक आपापल्या बुटांकडे बघत होते. "तू केलंस?" तिनं पहिल्याला विचारलं. तो म्हणाला, मी तिच्या बाजूचा होतो. "तू?" दुसरी म्हणाली, मीसुद्धा. तिसऱ्यानं नुसती मान हलवली, पण नाही अशी.

"कमाल आहे," ग्राशियाना म्हणाली. "कुणीच केलं नाही, तरी ही नापास. आपोआप पेटलं वाटतं!"

ऑर्व्हिल खदखदून हसला. प्रूइटचे कान लाल झाले. "हे बघा, ठरलेले निकष असतात. वरून सूचना असतात. त्या सूचनांनुसार..."

"नाव सांग."

"बाई, हा प्रश्नच बरोबर नाही."

"नाव."

"नाव!" ऑर्व्हिल ओरडला. त्याच्या पलीकडली शाळेची शिक्षिका म्हणाली, "नाव!" मग सगळा गावच सुरू झाला, त्या वाईट सँडविचवर वर्षानुवर्षं खोटं संतापलेला गाव. नाव, नाव, नाव. पत्र्याचा तो हॉल दणाणून गेला. परीक्षक हसू दाबत होते, उमेदवार हसू दाबत नव्हते. मीही ओरडत होतो, आणि मला लाज वाटली नाही. नोरीन तेवढी गप्प बसून प्रूइटकडे बघत होती.

प्रूइटनं हात वर केला. ओरडा थांबला. त्यानं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा छताकडे. मग चष्मा काढून खिशात ठेवला.

"मी," तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"मी. वॉरन प्रूइट. समितीनं तिला पास केलं होतं, ते मी फिरवलं. तिचं उत्तर धोक्याचं आहे असं मला वाटतं. अजूनही वाटतं." त्याचा मऊ आवाज गेला होता, आणि मला तो माणूस पहिल्यांदा बरा वाटला.

ग्राशियाना त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही.

"बघ, जीभ काही झडली नाही," ती म्हणाली. "आता तुझ्याशी भांडता येईल."

आणि आपली खुर्ची फरफटत तिनं गोलाच्या मधून नेली, त्याच्या गुडघ्यांसमोर ठेवली आणि बसली.